जुन्या बाजारातील चिपटे

रविवारी सकाळी संभावित गृहस्थ कोठे आढळतात, हे पुण्यात तरी ठरून गेलेले आहे. कोणी पर्वतीच्या पायऱ्या चढतात, कोणी मंडईत भाजी निवडतात, कोणी देवळात जातात आणि कोणी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पुन्हा डोळे मिटतात. आम्ही या चारही ठिकाणी सापडत नाही. आम्ही जुन्या बाजारात असतो. जाताना आमच्या हातात रिकामी पिशवी असते. येताना ती भरलेली असली, तर घराची कडी आम्ही बेताने वाजवितो. कारण दार उघडताच, "आज कोणाच्या घरातला कचरा आपल्या घरात आणलात?" या प्रश्नाने आमचे स्वागत होते. इतकी वर्षे आम्ही हा प्रश्न थट्टेवारी नेत आलो. पण त्यातील 'कोणाच्या घरातला' या दोन शब्दांना काही अर्थ आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या अंगाला, बुधवारी व रविवारी भरतो. त्याला छप्पर नाही, पाटी नाही, आणि ठरलेला भाव तर मुळीच नाही. जमिनीवर गोणपाट किंवा जुनी चादर अंथरली की दुकान मांडून झाले. त्या चादरीवर काय नसते? किल्लीवाचून कुलपे असतात आणि कुलपांवाचून किल्ल्या असतात. घड्याळांचे काटे असतात, घड्याळे नसतात. स्टोव्हच्या पंपाशेजारी समई, समईशेजारी दूरध्वनीचे काळे यंत्र, आणि त्याला टेकून उभी केलेली कोणा अनोळखी नवरानवरीची चौकटीतील तसबीर. मुंबईचा मटन स्ट्रीटवरील चोरबाजार याहून पुष्कळ प्रतिष्ठित. तेथे झुंबरे, ग्रामोफोनचे कर्णे, चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके दुकानांत नीट मांडून ठेवलेली असतात, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या बुटांकडे पाहून भाव सांगतो. आमच्या पुणेरी बाजाराला असा थाट साधलेला नाही. येथे खजिना आणि भंगार एकाच चादरीवर शेजारी शेजारी निजलेले असतात, आणि कोणता कोण हे ओळखण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपविलेले असते. या बाजाराची सारी गोडी त्यात आहे.

या वस्तू येथवर येतात तरी कशा? त्याची कारणे कोणत्याही घरात थोडा वेळ बसले तरी दिसतात. वाडा पडतो, त्या जागी उंच इमारत उठते, आणि नव्या तीन खोल्यांत जुन्या माजघराचा संसार मावत नाही. भाऊ वाटण्या करतात. ज्याच्या वाट्याला हंडा येतो, त्याच्याकडे तो ठेवण्यास जागा नसते. कल्हईवाला दारावर येईनासा होतो, स्टेनलेस स्टीलची भांडी मांडणीवर चढतात, आणि तपेली, परातीच्या पराती मोडीत निघतात. मोडीत घालणे म्हणजे भांड्याचा घाट, त्यावरील कारागिरी आणि त्यावर घातलेले नाव या सर्वांची किंमत शून्य धरून केवळ त्याचे वजन करणे. जुन्या बाजारापासून कसब्यातील तांबट आळी फार दूर नाही. तेथे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचा एकेक ठोका मोजून माठारकाम करणारे कारागीर पेशवाईपासून नांदत आले. ज्या टापूत भांडे ठोक्याठोक्याने जन्माला येते, त्याच टापूत ते किलोच्या भावाने संपते.

विलायतेत जुन्या वस्तूंसाठी धर्मादाय दुकाने असतात. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅम या संस्थेने १९४७-४८ च्या सुमारास असे दुकान काढले, आणि पुढे ती प्रथा देशभर पसरली. लोक नको असलेल्या वस्तू तेथे दान देतात, विक्रीचा पैसा गरजवंतांकडे जातो. अशा ठिकाणी अल्प किमतीत उत्तम वस्तू मिळाली, तरी घेणाऱ्याच्या मनाला टोचणी लागण्याचे कारण नाही. देणाऱ्याने तिच्यावरील हक्क आधीच सोडून दिलेला असतो. आमच्याकडे दानाऐवजी देवघेव चालत आली. बोहारीण दारात बसून जुन्या लुगड्यांच्या बदल्यात भांडे देई, आणि घरधनीण एक वाटी जास्त मिळावी म्हणून तासभर भांडे. जुना बाजार हा त्याच देवघेवीचा थोरला भाऊ. येथे वस्तू आणि तिच्या धन्याची गरज पुष्कळदा एकाच चादरीवर बसलेली असतात. आम्ही वर्षानुवर्षे वस्तूच तेवढी पाहिली.

अशा बाजारांत हिंडणाऱ्यांना जगाने वेडे म्हणावे, अशी रीतच आहे. परंतु या वेडातून केवढे काम उभे राहते, याची दोन उदाहरणे पुण्यानेच पाहिली. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्यांचे दुकान चालवीत आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, वज्र्या अशा, राजांच्या नव्हे तर सामान्यांच्या घरांतील वस्तू आयुष्यभर वेचल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभारलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. दुसरे इतिहासाचार्य राजवाडे. ते जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. वाईस मिळालेल्या पत्रांतून त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. या थोरांचे दाखले आम्ही घरी अनेकदा देऊन पाहिले. त्यावर आम्हांस एकच उत्तर मिळाले: "त्यांनी संग्रहालय भरले, तुम्ही माळा भरलात."

असो. जुन्या बाजाराची एक विद्या आहे, आणि तिचे पहिले सूत्र हे की, आनंद लपवावा. हवी असलेली वस्तू प्रथम हाती धरू नये. तिच्या शेजारची नको असलेली वस्तू उचलावी, तिचा भाव विचारावा, नाक मुरडावे आणि ती खाली ठेवावी. मग उठता उठता, जणू पायात आली म्हणून, हवी ती वस्तू उचलावी आणि "हे असेच पडले आहे का?" असे विचारावे. भाव ऐकला की अर्धे उभे राहावे. हे दुसरे सूत्र. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे सूत्र हे की, वस्तू कोठून आली, कोणाची होती, हे चुकूनही विचारू नये. चौकशीत गोडी दिसते आणि गोडी दिसली की भाव चढतो.

या विद्येत आम्ही बऱ्यापैकी तयार झालो होतो. अर्थात विक्रेतेही कच्चे नसतात. एकदा आम्ही एका गंजलेल्या कंदिलावर तिन्ही सूत्रे लावून तो स्वस्तात मिळविला आणि विजयी मुद्रेने चार पावले टाकून सहज मागे पाहिले, तो विक्रेता पोत्यातून तसलाच दुसरा कंदील काढून त्याच जागी, तितकाच निष्काळजीपणे, आडवा करून ठेवीत होता. अशा सामन्यात हार झाली तरी मौज असते. दोघेही खेळाडू, दोघांनाही नियम ठाऊक. हल्ली तर तरुण मंडळी वस्तूचे छायाचित्र फोनवर घेऊन तेथल्या तेथे तिची किंमत हुडकतात आणि विक्रेतेही तेच करतात. बाजारातील अज्ञान झपाट्याने आटत चालले आहे. पण अज्ञान आटले म्हणून अडचण आटत नाही, आणि आमची गोष्ट येथूनच सुरू होते.

आमचा छंद मापांचा आहे. धान्य मोजण्याची जुनी मापे आम्ही जमवितो. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक एके काळी प्रत्येक मुलाच्या तोंडी असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब मावळू लागला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे ठरली व १९५८ पासून त्यांचा टप्प्याटप्प्याने अंमल झाला. तेव्हा शेर आणि पायली दुकानांतून उठली, ती भाषेत जाऊन बसली. आजही शेरास सव्वाशेर भेटतो. आजही नवी सून तांदळांनी भरलेले माप उंबरठ्यावर पायाने लवंडून घरात येते, आणि 'माप ओलांडले' एवढे म्हटले की लग्न होऊन गेले हे सर्वांना समजते. आमच्याकडे एकाच घाटाची पितळी पायली, शेर आणि मापटे अशी मालिका लागली होती. शेवटचे चिपटे तेवढे हवे होते. त्याच्यासाठी आम्ही सहा वर्षे बाजार पालथा घातला.

ते एका आश्विनातल्या रविवारी दिसले. बाजाराच्या अगदी टोकाला सत्तरीच्या आसपासची एक बाई धुतलेल्या पातळावर दहा-बारा जिन्नस मांडून बसली होती. ती नेहमीची विकणारी नव्हे, हे एका दृष्टीत कळत होते. नेहमीचे लोक वस्तू पुसत नाहीत. धूळ ही तेथे जुनेपणाची पावती समजतात. या बाईने प्रत्येक भांडे चिंचेने घासून लखलखीत करून आणले होते. त्या लखलखाटात आमचे चिपटे बसलेले पाहून आमच्या छातीत धडधडले. विद्येचे स्मरण झाले, आणि आम्ही स्टोव्ह उचलला.

"हा चालतो का, मावशी?"

"चालायचा, दादा. आता वायसर गेलंय."

आम्ही स्टोव्ह खाली ठेवला, एक डबा उघडून मिटला आणि उठता उठता चिपट्याला हात लावला. "आणि हे?"

"चिपटं हाय. तिघांचा भात हुतो ह्यात."

"आता चिपट्याने कोण मोजतो, मावशी? सगळे किलोवर आले."

"भूक कुठं किलोनं लागती, दादा?"

हे उत्तर दुसऱ्या कोठे ऐकले असते, तर आम्ही टिपून घेतले असते. तेथे मात्र आम्ही चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. बाईने चारशे रुपये सांगितले. आम्ही दीडशे म्हणालो आणि अर्धे उभे राहिलो. बाईने आमच्याकडे न पाहता चिपट्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दोनशे तरी द्या." आम्ही दोनशे रुपये दिले. आमच्या मनात त्याची किंमत दोन हजारांच्या खाली नव्हती, आणि खिशात तेवढे पैसेही होते. ते चिपटे आमच्या हाती देण्यापूर्वी तिने ते उपडे धरले आणि तळव्याने त्याच्या बुडावर दोन थापा मारल्या. आत राहिलेले दाणे झाडून टाकावेत तशा. आत एकही दाणा नव्हता.

घरी येऊन आम्ही पायली, शेर, मापटे आणि चिपटे ओळीने मांडले. आमचा आनंद त्या दिवशी खरोखर मोठा होता. त्या वेळी मनात दुसरे काही आले नाही, हे कबूल केले पाहिजे. मग चिपटे उलटे करून पाहिले. बाजारात ते आम्ही उलटे केले नव्हते, कारण वस्तू उलटी करून पाहणे म्हणजे गोडी दाखविणे. बुडाशी टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे होती. एका बाईचे नाव, तिच्या पतीचे नाव आणि खाली 'सन १९५४'. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. नावावर आमचा हक्क नाही.

ते विकणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव असणे वयाच्या हिशेबाने शक्य नव्हते. ते तिच्या सासूचे असेल, किंवा आईचे. सासूने सुनेच्या हाती दिले असेल, किंवा आईने मुलीबरोबर पाठविले असेल. कदाचित याच मापातले तांदूळ लवंडून दोन पिढ्यांच्या सुना त्या घरात आल्या असतील. कदाचित तसे काहीच नसेल. हे सांगू शकणारे जगात एकच माणूस आम्हांस ठाऊक होते. ते आमच्यासमोर हातभर अंतरावर बसले होते, बोलण्यासही तयार होते, आणि आम्ही त्याला स्टोव्ह चालतो का हे विचारले. त्या संध्याकाळी "कोणाच्या घरातले आणलेत?" हा प्रश्न नेहमीप्रमाणे आला. प्रथमच आम्ही त्याचे खरे उत्तर शोधू लागलो, आणि ते आमच्याजवळ नव्हते.

त्यानंतर आम्ही या विद्येचा पुन्हा विचार केला. मुरलेल्या व्यापाऱ्याशी लपंडाव खेळण्यात आम्हांस अजूनही पाप वाटत नाही. त्याला वस्तूची पारख नसेल, तर त्याच्या अज्ञानाची किंमत घेणे हा धंद्याचाच भाग. उद्या तो आमच्या अज्ञानाची घेईलच. परंतु ती बाई अज्ञानी नव्हती. चिपट्याची पारख तिला आमच्याहून अधिक होती. आम्हांस त्याचा घाट ठाऊक होता, तिला त्यात किती माणसांचा भात होतो ते ठाऊक होते. तिने ते दोनशे रुपयांत दिले, ते किंमत कळली नाही म्हणून नव्हे, तर दोनशे रुपये हवे होते म्हणून. अज्ञानाची किंमत वसूल करणे याला खेळ म्हणता येईल. अडचणीची किंमत वसूल करणे याला जे नाव आहे, ते आपण सावकारांना मोकळेपणाने देतो आणि स्वतःला देत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आम्ही ते घेतले नसते तर ते भट्टीत वितळले असते. हा युक्तिवाद आम्ही स्वतःशी पुष्कळ वेळा केलेला आहे, आणि तो खोटा नाही. पण बुडत्याला काठावर आणणाऱ्याने त्याची अंगठी काढून घेऊ नये. शिवाय भट्टीतून आम्ही जे वाचविले, ते तरी काय? राजवाड्यांना कागद मिळाला की तो कोणत्या गावचा, कोणत्या घराण्याच्या दप्तरातला, याची चौकशी होई. म्हणून त्या कागदाचा इतिहास झाला. ही चौकशी वगळली तर तोच कागद रद्दी. आम्ही भाव चढू नये म्हणून नेमकी तीच चौकशी टाळली. सहाशे-सातशे रुपये अधिक द्यावे लागू नयेत, एवढ्यासाठी आम्ही वस्तू घेतली आणि तिची हकीकत त्या पातळावरच सोडून आलो. जी गोष्ट मिळविण्यासाठी आम्ही इतकी वर्षे बाजारात हिंडत होतो, तिच्याकडेच आम्ही पाठ फिरविली.

पुढच्या बुधवारी आम्ही पाकिटात अठराशे रुपये घालून बाजाराच्या त्या टोकाला गेलो. तेथे एक माणूस जुने पंखे घेऊन बसला होता. रविवारी गेलो, तेव्हाही तोच. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले. शेवटी आम्ही त्याला विचारले, "येथे घासलेली भांडी घेऊन एक मावशी बसत होत्या, त्या कधी येतात?" त्याने पंख्याचे पाते पुसता पुसता सांगितले, "ती एकदाच आली होती. घरचं विकणारी माणसं एकदाच येतात, साहेब." ते पाकीट अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. त्यातले पैसे दुसऱ्या कोणाला देऊन मोकळे व्हावे, असेही कधी मनात येते; पण मग आम्ही फार सहज सुटू, म्हणून ते राहू दिले आहे.

जुन्या बाजारात आम्ही आजही जातो. व्यसन असे सुटत नाही. फक्त सूत्रांचा क्रम बदलला आहे. आता आम्ही वस्तू उचलली की आधी विचारतो, "ही कोणाच्या घरातली?" भाव चढतो, हे खरे. विक्रेत्यांना आमची ही खोड कळली असून आम्ही दिसताच काही जण कोणत्याही भांड्याला सरदार घराणे चिकटवितात. एका अडकित्त्याची हकीकत आम्ही दोन रविवारी दोन तऱ्हेने ऐकली. यात आमची फसवणूक होते, आणि ती आम्हांस जुन्या हुशारीपेक्षा परवडते. शंभर खोट्या हकीकतींत कधीतरी एखादी खरी येते. ती सांगताना माणसाचा आवाज खाली येतो आणि भाव सांगायचे त्याला आठवत नाही.

ते चिपटे आम्ही मापांच्या मालिकेत ठेवलेले नाही. मालिका पुन्हा अपुरी झाली आहे आणि ती तशीच राहील. चिपटे स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात असते. आमच्या घरात माणसे तीन. रोज एक चिपटे तांदूळ शिजतात. भात उरत नाही आणि कमीही पडत नाही. त्या चिपट्याविषयी एवढी एकच गोष्ट आम्ही खात्रीने सांगू शकतो, आणि तीदेखील त्या बाईने न विचारता सांगितली म्हणून.